मागच्या दाराचं सील

बेकरीचं शटर गुडघाभर वर गेलं आणि आतून जो वास आला तो पावाचा नव्हता. शटर उचलणारा शिपाई दोन पावलं मागे सरकला. बेकरीचे शेठ त्याच्याही मागे जाऊन उभे राहिले. आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टरबाईंनी मास्कवर रुमाल दाबला, खाली वाकल्या आणि एकट्याच आत शिरल्या.

भट्टीच्या पलीकडे, मागच्या दाराला टेकून एक माणूस बसला होता. मान छातीवर पडलेली, अंगाने आडवा, दंड मांडीएवढे. मरून बरेच दिवस झाले होते हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

"हा तर आमचा पैलवान," शेठ शटरखालून डोकावून म्हणाले. "मैदा मळायला होता आमच्याकडे." एवढं बोलून ते तिथेच पायरीवर बसले.

बेकरीला सील होतं. ठरलेल्या वेळेनंतर दुकान चालू ठेवलं म्हणून पंधरवड्यापूर्वी पथकाने ती बंद केली होती, आणि आज मुदत संपत होती. साथीचे दिवस होते, आणि नियमांचं तेव्हा असं होतं की सकाळी एक निघे, दुपारी त्यात सुधारणा येई आणि संध्याकाळी दुकानदाराला दंड बसे. पुढच्या शटरचं सील बाईंनी आत्ताच स्वतःच्या हाताने तोडलं होतं. गटार ओलांडून त्या मागच्या बोळात गेल्या. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, कुलपावर खात्याचा शिक्का होता, शिक्क्याभोवती चिकटपट्टी चारी बाजूंनी नीट दाबलेली होती. इतकं नेटकं काम खात्यात क्वचितच बघायला मिळे.

मग माणूस आत गेला कुठून?

त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे या भागाच्या पथकाचे प्रमुख. बेकरीला सील त्यांनीच लावलं होतं, आणि ज्याने लावलं त्यानेच काढायचं असा नियमही होता. पण आज त्यांची कंबर धरली होती, म्हणून त्यांनी बाईंना पिटाळलं होतं.

"साहेब, बेकरीत एक माणूस मेलेला सापडलाय. इथलाच कामगार आहे."

"भट्टीवर पंख्याचं भोक आहे बघा," साहेब म्हणाले. "तिथून घुसला असणार चोरी करायला. तसंच लिहा. आणि तो राहायला पुलापलीकडे आहे, तेव्हा त्याची रुग्ण म्हणून नोंद तिकडच्या भागात जाईल, आपल्याकडे नाही. हे आधी लिहा."

बाईंनी फोन ठेवला. कार्यालयात त्यांना पाठीमागे मिरची म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. मेलेल्या माणसाच्या अंगावर अजून पांढरी चादर पडली नव्हती आणि साहेब त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं ते ठरवून मोकळे झाले होते.

त्याला कारणही होतं. सरकारने जाहीर केलं होतं की ज्या भागात महिनाभर एकही रुग्ण सापडणार नाही, तिथली दुकानं सगळ्यांत आधी उघडतील. साहेबांचा भाग पहिला आला. बेकरीला सील लागलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मंत्री येऊन घोषणा करून गेले. साहेबांचा फोटो छापून आला, बढतीची बोलणी सुरू झाली. कार्यालयाच्या दारावर 'शून्य रुग्ण' असा हातभर फलक लागला.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की पैलवान साथीच्याच तापाने गेला, आणि सील लागल्यानंतर दोन-तीन दिवसांत गेला. संध्याकाळपर्यंत त्याच्या बायकोवर गुन्हा लिहून तयार होता. नवऱ्याचा आजार लपवला, साथ पसरवली, वर नवरा सील असलेल्या दुकानात चोरीला शिरला. दोषी ठरली तर तुरुंग होता. साहेबांच्या सहीची तेवढी वाट होती, आणि ती उद्या होणार होती.

बाई विलगीकरण केंद्रात गेल्या. ती एक शाळा होती. डॉक्टरांचं निदान येताच पैलवानाच्या बायकोला तिथे आणून ठेवलं होतं. ती फाटकाच्या आत, बाकावर बसली होती. तिची मुलगी नणंदेकडे होती, आणि नणंद आता फोन उचलत नव्हती.

"त्यांना चोर म्हणायला आलात?" तिनं विचारलं.

"विचारायला आलेय. त्या दिवशी ताप होता त्यांना?"

"सकाळी अंग कोमट होतं. मी म्हटलं, जाऊ नका. म्हणाले, खाडा केला तर शेठ परत उभं करणार नाहीत."

"निघताना जवळ काय काय होतं?"

"मोबाइल. हातात अंगठी, घड्याळ. मळायला बसायच्या आधी सगळं काढून गल्ल्याजवळच्या डब्यात ठेवायचं असतं. तिथली पद्धतच आहे ती."

"नंतर फोन केलात?"

"संध्याकाळी केला, वाजला. रात्री बंद. दुसऱ्या दिवशी चौकीत गेले तर म्हणाले, साथीला भिऊन पळाला असेल." तिनं पदर मुठीत धरला. "ताई, माझा नवरा पळणाऱ्यांतला नव्हता. हे मी चौकीत सांगितलं, इथल्या डॉक्टरला सांगितलं, वॉर्डात झाडणाऱ्या बाईलासुद्धा सांगितलं. कुणी कागदावर घेतलं नाही."

"मी घेते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोलीस ठाण्याच्या फौजदारांना घेऊन बेकरीत आल्या. फौजदार झोप न झालेला, वैतागलेला, पण सरळ माणूस होता. गल्ल्याजवळचा स्टीलचा डबा बाईंनी उघडला. आत अंगठी होती, घड्याळ होतं. मोबाइल नव्हता. मागच्या दाराची आतली कडी उघडी होती, आणि फळीवर वाळलेल्या मैद्याचे हाताचे ठसे होते, खालपासून वरपर्यंत. पंख्याच्या भोकाची जाळी बाहेरच्या बाजूला वाकली होती. फौजदारांनी भोकात खांदा घालून पाहिला. त्यांचा गेला नाही, आणि ते काडीपैलवान होते.

मग बाईंनी त्यांना मागच्या बोळांतून फिरवलं. साहेबांनी त्या भागात ज्या ज्या दुकानांना सील लावलं होतं त्या सगळ्यांची मागची दारं बघितली. कापडाचं दुकान, सलून, चष्म्याचं दुकान, व्यायामशाळा. समोरच्या शटरवर शिक्के ठसठशीत होते. मागच्या एकाही दाराला साधी चिकटपट्टीसुद्धा नव्हती. सलूनवाला तर मागच्या दाराने आत बसून गिऱ्हाइकाची दाढी करत होता. फौजदारांना पाहून वस्तरा तसाच हवेत राहिला. बाई म्हणाल्या, "पुरी करा अर्धी राहिलेली, आज मला तुमच्याशी काम नाही." आणि पुढे चालू लागल्या.

परत आल्यावर त्यांनी शेठना पुढ्यात बसवलं.

"धाड पडली तेव्हा आत कोण कोण होतं?"

"मी, दोन पोरं आणि पैलवान. सगळे पुढून बाहेर पडलो, मॅडम."

"पैलवान तुमच्या डोळ्यांसमोर बाहेर पडला?"

"गडबड होती. पडला असेल."

"अंगठी आणि घड्याळ डब्यात टाकून?"

शेठ कपाळ पुसू लागले. बाईंनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. त्यांना म्हणाल्या, साहेबांच्या केबिनमध्ये चला, जे सांगायचं ते तिथेच सांगा. फौजदारही बरोबर निघाले.

केबिनमध्ये साहेब खुर्चीत ताठ बसले होते. कमरेचं दुखणं काही दिसलं नाही. पुढ्यात बायकोवरच्या गुन्ह्याचा कागद होता आणि हातात पेन होतं.

"सही जरा थांबवा," बाई म्हणाल्या. "पैलवान चोरीला गेला नव्हता. चोर अंगठी काढून डब्यात ठेवत नाही. तो कामाला आला होता आणि सील लागलं तेव्हा आतच होता. जाळी बाहेरच्या बाजूला वाकलीय. तो त्या भोकातून आत येत नव्हता, बाहेर पडायला धडपडत होता."

"म्हणजे शेठनी त्याला आत कोंडलं," साहेब म्हणाले. "धरा यांना."

शेठ ताडकन उभे राहिले. बाईंनी त्यांना हातानेच खाली बसवलं.

"मलाही काल तेच वाटलं होतं. तापातल्या माणसाला कामाला लावणारा माणूस काय वाटेल ते करेल. पण आज मी मागच्या बोळांतून हिंडले, साहेब. वर्षभर तुम्ही सीलं लावताय. मागचं दार बंद करायला गटारातून जावं लागतं, बूट खराब होतात, म्हणून तुम्ही एकदाही गेला नाहीत. एवढ्या दुकानांत एकट्या बेकरीचं मागचं दार बंद आहे. चिकटपट्टी चारी बाजूंनी दाबलेली. नियम तुम्ही आयुष्यात एकदाच पुरा पाळलात. का?"

"पाळला हा गुन्हा झाला?"

"आत माणूस आहे हे ठाऊक असेल तर झाला. शटर एकट्याला आतून उचलत नाही, पण मागच्या दाराची कडी काढून तो चालत घरी गेला असता. तो बाहेर दिसायला नको होता तुम्हाला. आणि काल फोनवर मी फक्त इथला एक कामगार मेलाय एवढंच म्हणाले होते. नाव सांगितलं नव्हतं, आजाराचं तर मलाच माहीत नव्हतं. तुम्ही मात्र तो कुठे राहतो ते सांगितलंत आणि रुग्ण म्हणून नोंद कुठे करायची तेही सांगितलंत. सील काढायला म्हणूनच आला नाहीत. आत काय निघणार ते तुम्हाला माहीत होतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बाई शेठकडे वळल्या. "आता तुम्ही बोला. कातडी वाचवायची वेळ गेली."

शेठ बोलले, आणि बोलता बोलता रडले. पैलवानाला दुपारी फणफणून ताप भरला होता. तो माळ्यावर मैद्याच्या पोत्यांवर झोपला होता. धाड पडली तेव्हा शेठनी स्वतःच साहेबांना सांगितलं, वर माणूस आजारी आहे. साहेब म्हणाले, तुम्ही निघा, मागून गाडी लावून दवाखान्यात नेतो, त्याच्या बायकोला कळवायला मोबाइल द्या. शेठनी डब्यातला मोबाइल काढून त्यांच्या हातात ठेवला.

"आणि तो दवाखान्यात पोचला का ते तुम्ही कधी विचारलंत?" फौजदारांनी विचारलं.

शेठनी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बेकरी आणखी बंद राहिली असती.

फौजदारांनी साहेबांच्या टेबलाचे खण उघडायला लावले. तिसऱ्या खणात मोबाइल मिळाला.

"एकच दिवसाचा प्रश्न होता," साहेब म्हणाले. आवाज अजून हुकूम देतानाचाच होता. "दुसऱ्या दिवशी मंत्री येणार होते. एक रुग्ण निघाला असता तर सगळा भाग पुन्हा बंद. शेकडो दुकानं. घोषणा झाली की काढणार होतो मी त्याला. मी गेलोही होतो."

"कधी?"

"घोषणेनंतर. पण बोळाच्या तोंडाशी वार्ताहर उभे होते. तो आतून दार वाजवत होता. मी म्हणालो, थांब, येतो."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग सत्कार होता. नंतर बैठका लागल्या. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा आवाज नव्हता."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात उचलला जाईल म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. इतके दिवस हा माणूस सायंकाळच्या बैठकीत लोकांच्या बेजबाबदारपणावर भाषणं देत होता, मास्क नाकाखाली आला म्हणून म्हाताऱ्यांना दंड करत होता, आणि त्या सगळ्या वेळात एका दाराची किल्ली त्याच्या खिशात होती. त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, आडवा फाडला, उभा फाडला. फौजदार म्हणाले, फाडायला नको होता, तो पुरावा होता. बाई म्हणाल्या, दुसरा लिहा, यांच्या नावाचा.

संध्याकाळी त्या पुन्हा शाळेच्या फाटकाशी गेल्या. गुन्हा काढून टाकला, आणि साहेबांना व शेठना दोघांनाही पोलिसांनी नेलं, हे त्यांनी सरळ सांगितलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग एकच गोष्ट विचारली.

"झोपेतच गेले ना?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंनी कुणाचं मन राखायला म्हणून काही सांगितलं नव्हतं. आत्ता पहिल्यांदा त्यांना खोटं बोलावंसं वाटलं. पण या बाईशी गेला पंधरवडा सगळेच खोटं बोलले होते.

"नाही," त्या म्हणाल्या. "दार वाजवत होते. ऐकणाऱ्याने ऐकलं आणि उघडलं नाही."

बायको फाटकाचा गज धरून उभी राहिली.

"वाजवणारच. मी सांगत होते ना सगळ्यांना, पळणारा माणूस नव्हता तो."

मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, कोर्टात त्या साहेबाच्या समोर उभं राहून हे सांगायचं असेल तर आधी कुठे जावं लागतं. बाईंनी सांगितलं, आणि मी बरोबर येईन म्हणाल्या.