लाल शाईचं कार्ड

चौऱ्याण्णव साल. वाशीच्या एका मेडिकलमध्ये जाईने पर्समधून चिठ्ठी काढली, तसं एक कार्डही काउंटरवर पडलं. आईने लाल शाईत लिहिलेलं – ‘पेनिसिलिन चालत नाही. तातडीच्या वेळी कळवा : अरुणा, आई.’

दुकानातला नवा फार्मासिस्ट कृष्णात ते वाचतच राहिला. गडी कराडचा, घाई त्याला ठाऊकच नव्हती.

“या गोळ्या मागल्या महिन्यातबी नेल्या नव्हं तुमी?”

“बरंच लक्ष असतं तुमचं.”

“कांद्याचा वास येतो... म्हणून लक्षात ऱ्हाता.”

जाई एपीएमसीत कांद्याच्या व्यापाऱ्याकडे टायपिस्ट होती. राग यायला हवा होता, आलं हसू. पण हसण्यासारखं फार नव्हतं. पेनिसिलिनऐवजी दिलेल्या गोळ्यांनी पोटात ढवळायचं, सांधेताप उलटायचा, गुडघे सुजायचे. हे हृदयावर जाईल, पेनिसिलिनच हवं, असं डॉक्टर म्हणायचे, आणि तेच तर चालत नव्हतं. जाई मनातून फार घाबरली होती.

“पेनिसिलिन घेतलं तवा झालं काय होतं?”

“सातवीत असताना इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी पायाला हे मोठे फोड, मग अंगभर पुरळ.”

“इंजेक्शन पायात?”

“छे, दंडात. पाय नुसता मुरगळला होता... आजीने बिब्बा लावलेला.”

कृष्णातने हातातली कात्री खाली ठेवली. “अवो, मग बिब्बा उतला की अंगावर. माझ्या बहिणीला अस्संच झालेलं.”

“म्हणजे बारा वर्षं मी उगाच –”

“ते मी न्हाई ठरवणार. डॉक्टरांना बिब्ब्याचं सांगा. ते तपासतील.”

डॉक्टरांनी शनिवारी बोलावलं. पुन्हा पेनिसिलिन टोचून बघणार म्हणून आई रडकुंडीला आली. जाई कृष्णातला म्हणाली, “तुम्ही याल तर जाते.” ऐन गर्दीच्या वेळी दुकान मालकावर सोपवून तो आला.

हातावर टोचून अर्धा तास बाकावर बसायचं होतं. कृष्णातने तिचा हात घट्ट धरला.

“टोचलंय तो हात इकडे आहे,” जाई हळूच म्हणाली.

“ठावं हाय.”

हात स्वच्छ राहिला. मग डॉक्टरांनी पहिली मात्राही समोर बसवून दिली, आणि काही झालं नाही. जाईला रडू आलं, डोळे पुसायचंही सुचेना. मग तिने कार्ड काढलं, ‘पेनिसिलिन’ खोडून ‘बिब्बा’ लिहिलं, आणि आईच्या नावाखाली – ‘कृष्णात’.

“हे कशापायी?”

“दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन आहे. सोबत कुणीतरी लागेल... दहा वर्षं तरी.”

“दहाच?” तो म्हणाला. “मला वाटलं, जल्मभर.”