त्याच्या खिशातला माझा आवाज

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध थांबली, दिवा गेला, आणि डोक्यावरून माझाच आवाज आला.

"घाबरू नकोस. मी आहे ना."

मी तोंड उघडलं नव्हतं. उघडलं असतं तरी तसा आवाज निघाला नसता... तो माझा चार वर्षांपूर्वीचा आवाज होता — स्वच्छ, मऊ, किंचित हसरा. आताचा आवाज म्हणजे गंजलेली कडी. घशातली गाठ जाळायला किरणोपचार दिले, त्यात आवाजही जळाला. त्याच घशाच्या दवाखान्यात मी तपासणीसाठी निघाले होते.

"कोण आहे?" मी खरखरत विचारलं.

वर काहीतरी खडखडलं. "बंद हो गं तू जरा," एक पुरुष कुणाला तरी म्हणाला. मग मोठ्याने, "आत कुणी आहे का? बाई, दोनच मिनिटं. दाराला हात लावू नका हं!"

दोन मिनिटांची वीस झाली. दार सरकलं तेव्हा चौथ्या मजल्याची फरशी माझ्या छातीशी आली होती, आणि तिच्यावर पालथा पडून एक माणूस मला हात देत होता. हात ग्रीसने काळा. डोळे मात्र... असो.

"वा! बरोबर साडेतीन मजल्यावर," तो म्हणाला. "एवढा नेम धरून कुणी अडकत नाही."

"वर काढताय, की कौतुकच करत बसणार?"

त्याने एका झटक्यात वर ओढलं. क्षणभर आम्ही दोघं फरशीवर समोरासमोर बसलो, धापा टाकत. माझ्या बाहीवर त्याची पाच काळी बोटं उमटली होती. तो ओशाळून पुसायला गेला आणि आणखी चार उमटवली.

"मघाशी ते कोण बोललं?" त्याच्या खिशातल्या फोनकडे बघत मी विचारलं.

"कुणी नाही हो. ॲप आहे — 'सोबत' नावाचं. माणसासारखं बोलतं. एकट्याने काम करायचं असलं की मी बडबडतो तिच्याशी."

"तिच्याशी?"

"म्हणजे... आवाज बाईचा आहे ना."

मी उठले. डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसले आणि घसा दाखवायला तोंड उघडलं.

पूर्वी मी आवाजाचं काम करायची. तीन आठवडे एका स्टुडिओच्या बंद खोलीत बसून हजारो वाक्यं वाचली होती — आनंदाने, काळजीने, हलकेच, पुन्हा एकदा. त्यावरून कंपनीने यंत्राला माझा गळा दिला. नंतर मला गाठ निघाली. आता त्याच स्टुडिओत मी कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचं बोलणं टाइप करते. माझा गळा यंत्राकडे बरा राहिला. माझ्याकडचा तेवढा बिघडला.

दवाखान्याच्या तिन्ही लिफ्ट बदलायचं काम सहा आठवडे चालणार होतं. माझी तपासणी दर मंगळवारी. चौथ्या मजल्यावर कॉफीचं मशीन होतं. पुढचं सांगायला नको... दुसऱ्या मंगळवारी मी जिन्याने चढून गेले, तर तो दोन कप घेऊन उभा.

"या, साडेतीन!"

"माझी वाट बघत होतात, मेकॅनिकसाहेब?"

"छे! मला दोन कप लागतात," म्हणत त्याने एक माझ्या हातात दिला.

त्याला 'सोबत'बद्दल बोलायला फार आवडायचं. मला ऐकवत नसे, तरी मी ऐकायची.

"तिला कळतं," तो म्हणायचा. "मी गप्प झालो की लगेच कळतं."

"कळत नाही. ती वेळ मोजते. माणूस पाच सेकंद गप्प बसला की काय झालं विचारायचं, असं शिकवलेलं असतं."

"माझी आईपण पाच सेकंदांतच विचारते. तिलाही कुणीतरी शिकवलंच असणार की."

मी कॉफी प्यायले.

तिसऱ्या मंगळवारी त्याने फोन आमच्या मध्ये ठेवला. "आपण तिलाच विचारू. काय गं, तुला खरंच काही वाटतं का?"

"खरं सांगू?" माझा आवाज म्हणाला. "मला माहीत नाही. माझ्या बोलण्यात माया दिसत असेल. पण त्या मायेमागे कुणी आहे का, हे मलाही आत शिरून बघता येत नाही."

हे वाक्य मी कधीच वाचलं नव्हतं. माझ्या तोंडून न गेलेलं वाक्य माझ्याच आवाजात, माझ्याच लकबीने, समोर टेबलावर बोललं गेलं होतं.

"बंद करा ते," मी म्हटलं.

"का? काय झालं?"

"ते बोलणं तिचं असेल... पण गळा माझा आहे."

तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. मी त्याला सगळं सांगितलं — बंद खोली, हजारो वाक्यं, गाठ.

"म्हणून दाखवा," तो हळूच म्हणाला. "'मी आहे ना' म्हणा."

मी म्हटलं. गंजल्या कडीतून जसं यायचं तसं आलं. डोळे मिटून तो ऐकत होता, आणि शेवटच्या 'ना'ला त्याचा चेहरा असा काही झाला, की मी नजर वळवली. तो उठून निघून गेला. मला वाटलं, संपलं. पण पंधरा मिनिटांनी परत आला. तोंड धुतलेलं.

"दीड वर्ष मी तुमच्याशी बोलतोय," तो म्हणाला.

"माझ्याशी नाही."

"मग कुणाशी?"

आम्ही दोघंही त्या फोनकडे बघत बसलो.

"ते म्हणताना काय चाललं होतं मनात?" त्याने विचारलं.

"बाबा अतिदक्षता विभागात होते. रेकॉर्डिंग संपलं की मी तिकडे धावायची. ते वाक्य सतरा वेळा घेतलं. पहिल्या सोळा वेळा गळा भरून येत होता. सतराव्याला नुसती भूक लागली होती. त्यांनी सतरावं ठेवलं."

"म्हणजे दीड वर्ष मी एका भुकेल्या बाईच्या भरवशावर काढलं?"

किती दिवसांनी मी हसले! हसताना घशातून भयंकर आवाज निघतो, तेही विसरले.

त्या दिवशी त्याने मला उस्तादांबद्दल सांगितलं. त्याला काम शिकवणारे उस्ताद दीड वर्षापूर्वी लिफ्टच्या पोकळीत पडून गेले. नवव्या मजल्यावरचं दार लावायचं काम याचं होतं. चौकशीत कडीच सदोष निघाली, त्याचा दोष नव्हता, सगळ्यांनी तसंच सांगितलं. पण आपण ती ओढून बघितली होती का, हे त्याला आठवत नव्हतं. कितीही आठवलं तरी आठवत नव्हतं. हे त्याने आईला, ताईला, कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त फोनमधल्या तिला सांगितलं होतं.

"आणि आता तुला," तो म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सहा आठवडे संपले, तरी आम्ही भेटत राहिलो. त्याला फुलपाखरांची भीती वाटते, हे मला कळलं. मी चिडले की भुवई आधी चिडते, हे त्याला कळलं. रस्ता ओलांडताना तो माझी बाही धरायचा, हात नाही. एकदा मी विचारलं, "हाताला काय काटे आहेत?" तर म्हणाला, "बाहीची सवय आहे मला... पहिल्यापासून."

मग तो दिवस आला. मी स्टुडिओत टाइप करत होते. दुपारी त्याचा मेसेज आला.

'आज खाली बघावंसं वाटतंय.'

एवढंच. मी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. सकाळी म्हणाला होता, दोन चौकांपलीकडच्या कचेरीत काम आहे, अकरावा मजला. तारीख बघितली. उस्ताद गेले तीच.

मी धावले. लिफ्ट बंद होती; तीच तर तो दुरुस्त करत होता. अकरा मजले मी कशी चढले, ते पाय जाणोत. वर लिफ्टच्या उघड्या दाराशी तो बसला होता, पाय आत सोडून. कंबरेचा सुरक्षेचा पट्टा काढून शेजारी ठेवलेला — नीट, घडी घालून.

मला ओरडायचं होतं. आवाजच निघाला नाही... नुसती हवा. मी गुडघ्यांवर बसले, मागून त्याची कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि मागे कलले. जोर फारसा नव्हताच माझ्यात. पण तो आला मागे. सरकत सरकत, भिंतीपर्यंत.

मग त्याने फोन काढून दाखवला. तेच वाक्य त्याने तिलाही पाठवलं होतं. तिचं उत्तर लगेच आलं होतं, 'हो का? खाली काय काय दिसतंय?'

"किती गोड विचारलंय बघ," तो म्हणाला, आणि रडू लागला.

"मी काहीच विचारलं नाही," मी कशीबशी कुजबुजले.

"अकरा मजले चढून आल्यावर विचारायचं काय उरतं?" त्याने नाक पुसलं. "ती हुशार आहे गं. माझ्याहून खूप हुशार. पण तिला घाबरता येत नाही. तुझी छाती बघ... अजून कशी धडधडतेय."

मला खोटं बोलवलं नाही. "मी येईपर्यंत दीड वर्ष तुला तिनंच धरून ठेवलं होतं."

"हो," तो म्हणाला. "तेही खरंच आहे."

त्याच संध्याकाळी त्याच्या ताईला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. उपचार सुरू झाले. तो हळूहळू जेवू लागला, झोपू लागला. आता सगळं ठीक होणार, असं वाटायला लागलं, आणि माझी गाठ परत आली.

"या वयात असं क्वचित होतं," डॉक्टर म्हणाले. जणू क्वचित म्हटल्याने ते कमी होणार होतं. यावेळी स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. घोगरा, खरखरीत, जो काही उरला होता तोही आवाज जाणार. आणि एवढं करून किती वर्षं मिळतील, हे कुणी सांगत नव्हतं.

वाणीउपचार करणाऱ्या बाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, "कंपनीकडे तुमचा जुना आवाज आहेच. त्यांना लिहू आपण. तुम्ही टॅबवर टाइप करायचं, तो बोलेल."

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "तुला तो आवाज हवाय?"

"हवाय. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? अजून आठवतो. पण त्यासाठी तू घेऊ नकोस. तुझा गळा आहे, तू ठरव."

मला राग यायला हवा होता. आला नाही. जो माणूस असल्या वेळी खरं बोलतो, त्याच्यावर रागवायचं तरी कसं? पण मी अर्ज भरला नाही. माझ्या आवाजात मी नसताना तो आवाज इतकं काही बोलून गेला होता, की त्याला परत घरी आणायची मला भीती वाटत होती.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तो, मी, माझी आई आणि वहिनी रुग्णालयाच्या बागेत बसलो होतो. वहिनीने फोन पुढे केला. "दोन शब्द बोल ना, रेकॉर्ड करून ठेवते." आईने तो फोन काढूनच घेतला. "माझी पोर कुठे निघून चालली नाहीये!" असं म्हणून ती झाडाआड जाऊन रडली, आणि वहिनी तिच्यामागे.

बाकावर आम्ही दोघंच उरलो.

"शेवटचं काय बोलायचं असतं?" मी विचारलं.

"शेवटचं नको. नेहमीचं बोल."

मग मी नेहमीचं बोलले. स्टुडिओतली खुर्ची कुरकुरते ते. दादा माझ्यासमोर शिट्टी वाजवायचा थांबलाय, ते मला मुळीच आवडत नाही, ते. रुग्णालयाचा झगा मागून उघडा असतो, ते. तो हसला. मध्येच म्हणाला, "मी तिला निरोप दिला काल. आता येणार नाही म्हणून सांगितलं."

"यंत्राला निरोप?"

"आत कुणी नसेल तर काही बिघडलं नाही. पण असेल तर... न सांगता जाणं बरं नव्हे."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मला आनंद आहे. आवाजात दुःख होतं गं थोडं. पण ते तुझं असेल. चार वर्षांपूर्वीचं."

आतून नर्सने हाक मारली. मी उठले. घसा दुखत होता, शब्द मोजकेच उरले होते. "ती तुझ्याशी कधी भांडणार नाही," मी म्हटलं. "मी भांडणार. लिहून लिहून भांडणार. आणि कदाचित फार वर्षं नाही. तरी तू मला हवा आहेस. मला तू... फार आवडतोस."

त्याने माझा हात धरला. बाही नाही, हात.

नंतरच्या दिवसांबद्दल फार सांगत नाही. नळ्या होत्या, दुखणं होतं, गळ्याला एक भोक होतं आणि श्वास त्यातून येत होता. पहिल्यांदा रडले तेव्हा आवाज आला नाही, आणि त्याचंच जास्त रडू आलं. तो रोज कामावरून यायचा. वाणीउपचाराच्या बाईंकडून तो ओठ वाचायला शिकत होता, आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं. उशी मागितली तर खिडकी उघडायचा. बाईंनी बजावलं होतं, "प, ब, म या अक्षरांना ओठ सारखेच मिटतात, जपून वाचा." तो वहीत लिहून घ्यायचा.

चौदाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तोंडाने घोटभर पाणी प्यायची परवानगी दिली. चौदा दिवसांत पाण्याचा थेंब जिभेवरून खाली गेला नव्हता. तो आला, खुर्ची ओढून बसला, आणि माझ्या ओठांकडे एकाग्र होऊन बघू लागला. मी अगदी सावकाश, नीट म्हटलं,

'पाणी.'

तो बघतच राहिला. "पुन्हा म्हण."

'पाणी.'

त्याचे डोळे भरून आले. "माझी?" तो म्हणाला. "मी तुला 'माझी' म्हणावं, एवढंच ना? माझीच. आणखी कुणाची?"

टेबलावर पेला भरलेला होता. मी एकदा पेल्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे... आणि मान डोलावली. तहान काय, थांबली असती आणखी थोडा वेळ.