कोणता हार्म?

म्हातारा हार्म पहाटे गेला. नव्वदी गाठलेला माणूस. रडारड फारशी झाली नाही. नातसून रूल्फ्येनं मरणघरच्या रीतीप्रमाणे घड्याळ थांबवलं, आरशावर चादर टाकली आणि मांडीत चक्की घेऊन ती कॉफी दळत बसली. दिवसभर माणसांची ये-जा होणार, चूल विझून चालणार नव्हतं. म्हणून तिचा नवरा जळाऊ मातीची वाळकी ढेकळं आणायला घोडागाडी घेऊन दलदलीकडे गेला होता. त्याचंही नाव हार्मच. थोरल्या नातवाला आजोबाचं नाव द्यायचं, ही ड्रेंथ भागातली रीत.

दुपारी शेजारचा गेर्ट आला. घरचा धनी गेला की मधमाश्यांना सांगायचं काम शेजाऱ्याचं. नाही सांगितलं तर माश्या घर सोडतात. त्यानं परसातल्या एकेका पेटीवर किल्ली तीनदा वाजवली.

"हार्म मेला गं बायांनो... हार्म मेला."

दारातून रूल्फ्येनं विचारलं, "काका, कोणता हार्म ते सांगितलंत का?"

"आता माश्यांना काय वंशावळ वाचून दाखवू?" गेर्ट हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. पेट्यांमधली गुणगुण एकदम थांबली होती.

रूल्फ्ये धावली. गुडघे टेकून तिनं पेटीला तोंड लावलं. "म्हातारा गेलाय... आमचा म्हातारा. धाकटा नाही... ऐकताय ना?"

आत चिडीचूप.

दलदलीकडून धुकं सरकत आलं, त्याला कुजक्या पाण्याचा वास होता. मग चाकांची करकर ऐकू आली.

"आला बघ तुझा नवरा. उगाच जीव टांगणीला लावलास," गेर्ट म्हणाला.

गाडी अंगणात आली. घोडा पोटापर्यंत भिजलेला, थरथरणारा. लगाम जमिनीवर लोळत होता. वर कुणीच नव्हतं.

रूल्फ्येनं रिकामी गाडी चाचपली. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. ती धुक्याकडे तोंड करून जीव खाऊन ओरडली, "हार्म!"

"ओ..."

घोगरी, कफानं भरलेली हाक. धुक्यातून नाही, मागून. घरातून.

गेर्टनं तिचा हात घट्ट धरला. दोघं आत गेली. भिंतीतल्या कप्प्यात बसवलेल्या पलंगात म्हातारा उठून बसला होता.

"ओरडतेस कशाला, पोरी? आलो ना चालत..."

पहाटे शेजारणींनी धुऊन पुसलेले त्याचे पाय गुडघ्यापर्यंत दलदलीतल्या काळ्या, ओल्या चिखलानं माखले होते. आणि घरात रीतीप्रमाणे जमिनीवर पसरलेल्या पांढऱ्या वाळूत, दारापासून पलंगापर्यंत, चिखलाचं एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.