दोन जोड स्पीकर

"अगं बाई! एवढ्यात तर दुभती म्हैस येईल!"

स्पीकरला लटकवलेली किंमत वाचून तिच्या तोंडून हे निघालं, आणि निघालं तेही चांगलं मोठ्यानं. निघणारच! दुकानातल्या त्या ऐकायच्या खोलीत ती एकटीच होती. जाड पडदे, मधोमध एक सोफा, भिंतीशी ओळीनं उभे केलेले स्पीकर. परका देश, बाहेर पावसाची रिपरिप, आणि मराठी समजणारं चिटपाखरूही आसपास नाही. तिथे म्हैस म्हणा नाहीतर हत्ती म्हणा, कोण विचारतंय?

"...आणि वर रेडकू फुकट."

ती अशी दचकली की हातातली ओली छत्री खाली पडली. स्पीकर बोलला की काय? छातीएवढ्या उंच स्पीकरच्या मागून आधी एक चष्मा वर आला, मग विस्कटलेले केस, आणि मग अख्खा माणूस. गुडघ्यांवर बसून तो मागच्या वायरी न्याहाळत होता.

"तुम्ही... मराठी?"

"नाही, मी स्पीकर," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर लाजला. "म्हणजे... हो. मराठीच. घाबरवलं का?"

"घाबरवलं काय! जीव जायचा राहिला माझा."

तर अशी ओळख झाली. ती लिफ्ट तपासणारी इंजिनीअर. कंपनीनं वर्षभरासाठी इकडे पाठवलेली. दिवसभर मोटारींच्या खोल्यांत आणि लिफ्टच्या टपावर उभं राहायचं, आणि संध्याकाळी खोलीवर आलं की भिंती खायला उठायच्या. मोबाईलवर गाणं लावलं तर गाणारा डब्यात बसून गातोय असं वाटायचं. म्हणून स्पीकर. तो गणिताचा मास्तर. कुणीतरी बाई वर्षाच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या जागी एका शाळेत आलेला.

"पण मी म्हणते, आपण इथे पाहुणे," ती म्हणाली. "परत जाताना ही धुडं डोक्यावर घेऊन जायची का?"

"पाहुण्याला कान नसतात का?"

ती सोफ्यावर बसली. तो दुसऱ्या टोकाला बसला. त्यानं म्हणे महिनाभर वाचन केलं होतं. कुठला स्पीकर खर्जात कमी पडतो, कुठला लहान खोलीत घुमतो, सगळं पाठ.

"वाचून आवाज कळतो?" तिनं विचारलं.

"तुम्हाला कसा कळतो?"

"डोळे मिटून. आमच्या कामात मोटार आधी कानानं तपासतात." आणि तिनं खरंच डोळे मिटले. तेवढ्यात आत आलेल्या दुकानदारानं बासरी लावली. "थांबवा! उजव्या स्पीकरमध्ये काहीतरी खुळखुळतंय."

दुकानदार बिचारा घाबरला. त्यानं उजवा स्पीकर बदलला. तरी खुळखुळ. वायर बदलली. तरी खुळखुळ! मग तिनं डोळे उघडले आणि पाहिलं, तर मास्तर बासरीच्या लयीवर पाय हलवत होता आणि त्याच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा नाचत होता.

"स्पीकर तुम्हीच आहात, हे आधीच सांगितलं होतंत," ती म्हणाली. दोघं इतके हसले की दुकानदारही न समजता हसायला लागला.

शेवटी कोपऱ्यातला एक लहानसा जोड दोघांनाही पटला. फडताळात मावेल एवढा. वेगळ्या ॲम्प्लिफायरची भानगड नाही, मोबाईलला बिनतारी जोडला जायचा, आणि बासरी अशी स्वच्छ की वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. दुकानदार म्हणाला, दोन जोड एकदम घेतलेत तर किंमत बरीच उतरवीन. तिनं मास्तरकडे पाहिलं. मास्तरनं तिच्याकडे पाहिलं. सौदा ठरला.

बाहेर पाऊस वाढला होता. दोघांच्या हातात खोकी. ती म्हणाली, मी या बसनं जाणार. तो म्हणाला, अरे, मी पण! ती उतरली तिथे तोही उतरला. ती ज्या गल्लीत वळणार होती त्याच गल्लीत तो वळला. आता मात्र ती थांबली.

"ओ मास्तर, तुम्ही माझा पाठलाग करताय का?"

"मी पुढे आहे! पाठलाग तुम्ही करताय."

आणि मग तिच्याच इमारतीच्या दारात तो थांबला, खिशातून तो खुळखुळणारा जुडगा काढला आणि दार उघडलं. ती बघतच राहिली. तिसऱ्या मजल्यावर, शेजारच्याच खोलीत, एका भिंतीपलीकडे हा माणूस राहत होता! इतके दिवस दोघं एकाच लिफ्टनं वर-खाली करत होते आणि एकदाही गाठ पडली नव्हती. तो कधी निघायचा आणि ती कधी, देवच जाणे.

त्याच दुपारी आधी त्याचा जोड लावला. त्याच्या मोबाईलनं मान टाकली होती, म्हणून तिचा मोबाईल जोडला. मास्तर फूटपट्टी घेऊन जमिनीवर रांगत होता. "डावा स्पीकर, उजवा स्पीकर आणि ऐकणारा. त्रिकोण झाला पाहिजे. तिन्ही बाजू सारख्या. ऐकायची खरी जागा ती एकच."

"आणि आपण दोघं आहोत, त्याचं काय?"

तो गडबडला. "मग... जवळ बसावं लागेल. म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

हरकत नव्हती. खांद्याला खांदा लागत होता, खिडकीवर पाऊस होता, आणि बासरी दोघांच्या बरोबर मधे वाजत होती. ती कान देऊन ऐकत होती खरी, पण कोणता राग होता ते तिला आजही सांगता यायचं नाही.

मग काय, रोजचंच झालं. एक दिवस त्याच्याकडे चहा, एक दिवस तिच्याकडे. तो शर्टाची बटणं हमखास चुकवून लावायचा, ती हसायची. ती त्याला मास्तर म्हणायची, तो तिला लिफ्टवाली बाई. मधे वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो आठवडाभर घरी जाऊन आला. त्या आठवड्यात तिनं स्पीकर एकदाही लावले नाहीत. तो परत आला तेव्हा दारात त्याच्या बॅगेचा आवाज ऐकून ती उठून धावली, आणि तेव्हा ती स्वतःवरच चिडली. हे प्रेमबिम काही नाही, तिनं स्वतःला बजावलं. परगावी आपल्या भाषेत बोलणारं एक माणूस भेटलं, एवढंच. भुकेल्याला कोंडाही गोड लागतो. घरी गेलं की उतरेल. आणि नाही उतरलं, आणि त्याचं मात्र उतरलं, तर?

अशात एका शनिवारच्या संध्याकाळी मास्तर दारात उभा राहिला. रजेवरच्या बाई लवकर परत येत होत्या.

"येत्या शनिवारी निघायचंय मला," तो म्हणाला.

तिच्या जिभेवर कितीतरी आलं, आणि बाहेर पडलं ते काय? "अरे वा! अभिनंदन."

"हं," तो म्हणाला. जरा वेळ उंबऱ्यावर घुटमळला आणि गेला.

अभिनंदन! दार लावून तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारला. मग ताईला फोन केला आणि मनसोक्त रडली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. तोंडानं फटकळ, पण धाकटीसाठी जीव टाकणारी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी ताईचा निरोप आला. बोलून पाठवलेला, चांगला लांबलचक. ती तेव्हा फरशी पुसत होती. फडताळ सरकवताना तिनं आपल्या स्पीकरची पिन काढून ठेवली होती, आणि ते विसरली होती. ओल्या हाताच्या करंगळीनं तिनं निरोप सुरू केला. आवाज नाही. आवाज वाढवला. नाही. मोबाईल तर म्हणतोय, स्पीकर जोडलेला आहे. नावही तेच. मग वाजत का नाही? तिनं पुन्हा पहिल्यापासून लावला, आणि स्पीकरच्या डोक्यावर एक चापट मारली. ढिम्म!

"स्वस्तातलं ते स्वस्तातलंच," ती पुटपुटली, आणि आवाज पार टोकाला नेऊन तिसऱ्यांदा लावला.

आणि तेव्हा तिच्या कानावर आलं. लांबून. घुमत. भिंतीपलीकडून ताई बोलत होती!

"...ठमे, अगं अभिनंदन? माणूस चाललाय तर अभिनंदन? त्याच्यावाचून अन्न गोड लागत नाही म्हणून माझ्याकडे रडतेस, तो बटणं चुकवतो ते सुद्धा गोड वाटतं म्हणतेस, आणि त्याच्या तोंडावर एक शब्द फुटत नाही तुझ्या? प्रेम आहे तर सांग की बाई त्या मास्तराला! का मी सांगू?"

तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. त्या पहिल्या दुपारी मोबाईल मास्तरच्या स्पीकरला जोडला होता, ती ओळख मोबाईलनं ठेवली होती. आपला स्पीकर दिसेना, तर शहाण्यानं शेजाऱ्याचा धरला! एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा! आणि शेवटी तर पूर्ण आवाजात!

तिनं मोबाईल बंद केला. भिंतीपलीकडे एकदम शांत झालं. मग खुर्ची सरकली. मग दार वाजलं, त्याचं. आणि मग दार वाजलं, तिचं.

पळावं? खिडकी तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट त्याच्या दारापुढे. पदरी आलेलं भोगावं म्हणून तिनं दार उघडलं.

मास्तर कानापर्यंत लाल झाला होता. हातात मोबाईल होता, आणि बटणं अर्थातच चुकलेली.

"तुमच्या ताईंचा आवाज..." तो म्हणाला. "खणखणीत आहे."

"ऐकलंत?"

"तीनदा."

धरणी दुभंगली असती तर तिनं आनंदानं आत उडी घेतली असती. पण धरणी कुठली दुभंगायला! आणि मग, जीव वाचवायला, ती खोटं हसली. "अहो, ती ना... तिला सवय आहे. गंमत करते उगीच. मनावर घेऊ नका."

त्याचा चेहरा उतरला. इतका, की तिला तो बघवेना.

"गंमत," तो म्हणाला. "हो का... बरं. बरं."

"गंमत कसली?" त्याच्या हातातून आवाज आला. "मग आमच्या घरात महिनोन्महिने चाललंय ते काय?"

ती किंचाळलीच. मोबाईलमध्ये एक बाई होत्या. पांढरे केस, कपाळावर टिकली, नाकावर घसरलेला चष्मा. त्याची आई! समोर बसून सगळं ऐकत होती!

"आई, मी फोन ठेवला होता ना?"

"कुठे ठेवलास? टेबलावर ठेवलास, आणि आता हातात घेऊन धावलास. मला तिच्यासमोर धर. अगं, तूच ना लिफ्टवाली?"

"हो... काकू. नमस्कार."

"सुखी राहा. ऐक आता. हा वडिलांच्या ऑपरेशनला आला होता ना, आठवडाभर दुसरा विषय नाही. लिफ्टवाली असं म्हणते, लिफ्टवाली तसं हसते. शेवटी ह्यांनी डोळ्यावर पट्टी असताना विचारलं, ही लिफ्टवाली आम्हाला कधी दिसायची?"

"आई, बास!" मास्तर ओरडला. मग एकदम त्याचा आवाज खाली आला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, चांगलं सरळ पाहिलं.

"मलाही वाटलं होतं," तो म्हणाला, "की परगावी आपलं बोलणारं कुणी भेटलं, म्हणून असेल हे. घरी गेलं की जाईल. म्हणून तिकडे गेलो तेव्हा मी मुद्दाम वाट पाहिली जायची. तिथे सगळे मराठीच बोलत होते. दिवसभर. आणि मला... मला बोलायला कुणी नव्हतं."

ती भिंतीला टेकली. इतके दिवस जी भीती ती एकटी उराशी घेऊन बसली होती, तीच हा माणूस घेऊन फिरत होता. आणि त्यानं तर ती तपासूनही पाहिली होती! डोळ्यांतून टपकन पाणी आलं, आणि गंमत म्हणजे हसूही आलं.

"काकू," ती म्हणाली, "मघाशी मी खोटं बोलले. ताईनं गंमत केली नव्हती. मला तुमचा मुलगा आवडतो."

"काय म्हणाली गं ती?" मोबाईलमधून मागून वडिलांचा आवाज आला.

"ह्यांना ऐकू आलं नाही," काकू म्हणाल्या. "जरा मोठ्यानं बोल, बाळ."

ती मोबाईलकडे नाही, मास्तरकडे वळली.

"आवडता तुम्ही मला!" ती म्हणाली, आणि जिना दणाणला. "फार आवडता! शनिवारी जाऊ नये असं वाटतं, इतके आवडता! माझं वर्ष संपायला अजून तीन महिने आहेत. तिकडे थांबाल माझ्यासाठी?"

मास्तरनं नुसती मान हलवली. एकदा हलवली, मग हलवतच राहिला.

"आता आलं ऐकू," वडील म्हणाले. "पण हा काय म्हणतोय? दिसू दे की जरा. नवा डोळा काय कामाचा?"

तिनं मास्तरच्या हातातून मोबाईल काढून घेतला. "काकू, काका, संध्याकाळी बोलते हं सावकाश," असं म्हणून तिनं चक्क फोन बंद केला.

मास्तर तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही... माझ्या आईचा फोन बंद केलात?"

तिलाही आत्ता कुठे ते कळलं. तिनं तोंडावर हात ठेवला. पण मोबाईल काही परत दिला नाही.

"केला," ती म्हणाली. "शनिवारपर्यंतच वेळ आहे. आत या."