डावीकडची तिसरी जाळी

"ही गाडी आहे की कुकर?" माझ्या सीटमागे वकीलसाहेब पुटपुटले.

"हळू बोला हो," शालवाल्या काकू म्हणाल्या. "चिडली तर इथेच उतरवेल."

मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "इथे नाही. आधी डायलिसिसला पोचवेन, मग उतरवेन."

दोघं हसले. पण वकीलसाहेबांचं खरं होतं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि छतातल्या जाळ्यांमधून येणारी हवा म्हणजे दमलेल्या माणसाची फुंकर. सेंटरच्या मॅनेजरने सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. एसी सुधारला नाही, तर पेशंट दुसऱ्या गाडीने येतील. व्हॅन बावीस वर्षांची आहे, पण माझं नि लेकीचं घर तिच्यावर चालतं. तिचा एकेक स्क्रू मी पुस्तकात बघत, बोटं कापून घेत शिकले आहे. अशी सहजासहजी सोडणार नव्हते.

पेशंट पाच होते. महिन्यापूर्वी सहा होते. तिसऱ्या रांगेत डावीकडे मास्तर बसायचे, गणिताचे, निवृत्त. परतीच्या वाटेवर एका दुपारी ते बसल्या जागी गेले. शेवटच्या थांब्यापर्यंत आम्हाला वाटलं, डोळा लागलाय. तेव्हापासून ती जागा रिकामी. "मागे गचके फार बसतात," असं म्हणत पाचही जण पुढच्या दोन रांगांत दाटीवाटीने बसायचे. मास्तरांचा विषय कोणी काढत नसे. मीही नाही.

रविवारी सकाळी अंगणात गाडी उघडली. फिल्टरमध्ये पाचोळा, केस आणि गोळीचा एक कागद निघाला. धुऊन बसवला. हवेला जोर नाही. ब्लोअरची मोटर काढून पाहिली, चारही स्पीडवर ठणठणीत. कॉइलवर बर्फ धरला की हवा अडते, पण कॉइल स्वच्छ होती. छताचं अस्तर उतरवून पाइपाचा प्रत्येक जोड बोटांनी चाचपला. एकही सुटलेला नव्हता.

मग सहाही जाळ्यांना टिश्यूची एकेक पट्टी चिकटवली आणि ब्लोअर लावला. पाच पट्ट्या बाहेरच्या बाजूला हलल्या, मरगळलेल्या. तिसऱ्या रांगेतली डावीकडची मात्र आत ओढली गेली. पाच तोंडांची हवा हे सहावं ओढून घेत होतं.

मी ब्लोअर बंद केला. इंजिन बंद केलं. दारं लावली, काचा वर घेतल्या.

पाच पट्ट्या लोंबल्या.

सहावी आत गेली. थांबली. बाहेर आली. पुन्हा आत.

मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चोवीस वेळा. मध्येच खंड पडायचा आणि मग एक लांब ओढ.

धाकटा भाऊ गॅरेज चालवतो, त्याला बोलावलं. त्याने जाळीवर तळवा टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. हात पँटला पुसत राहिला.

"ओलं आहे."

"एसीला पाणी सुटतंच की."

"गार सुटतं, ताई. हे कोमट आहे." तो गाडीतून उतरून उन्हात उभा राहिला. "विकून टाक ही."

"आणि पेशंटना काय खांद्यावर बसवून नेऊ?"

"चेष्टा नको. हे आपल्या हातातलं काम नाही."

"गाडी माझी, पाइप माझा. माझ्या हातातलं नाही तर कोणाच्या?"

तो चहा न घेताच गेला. मी त्या जाळीवर, टिश्यूच्या वरूनच, चिकटपट्टीचे तीन पदर मारले, अंगठ्याने घासून घासून बसवले. बाकीच्या पाचांतून हवा भसाभस आली. "झालं की नाही?" मी मोठ्याने विचारलं, रिकाम्या गाडीत. उत्तराची वाट न बघता दार आपटलं.

सोमवारी जाताना सगळे खूश. वकीलसाहेब म्हणाले, "परवा येताना स्वेटर आणतो." मॅनेजर मात्र हसला नाही. "परतीचा फेरा होऊ दे. संध्याकाळी एकेकाला फोन करून विचारणार आहे."

परतताना अर्ध्या वाटेवर हवा थांबली. ब्लोअरचा आवाज येत होता, हवा नव्हती. काकूंनी शाल काढून मांडीवर ठेवली. वकीलसाहेबांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. तक्रार कोणीच केली नाही, आणि तेच मला आवडलं नाही.

मी आरशात पाहिलं. चिकटपट्टी आत ओढली गेली होती. जाळीची एकेक काडी तिच्यावर उमटली होती.

मग ती फुगली.

मग पुन्हा आत.

मी गाडी कडेला घेतली. मागे गेले आणि मास्तरांच्या जागेवर बसले. महिन्याभरात तिथे बसलेली मी पहिलीच.

"मास्तर," मी म्हणाले, "गाडी मी विकणार नाही. पळणारही नाही. काय असेल ते सांगून टाका."

आणि तिन्ही पदर ओरबाडून काढले.

खालची टिश्यू आत ओढली गेली आणि तशीच राहिली. बोलण्याआधी माणूस श्वास भरून घेतो, तशी.

मी वाट पाहिली. ती बाहेर येईना.

पुढे पाच डोकी होती. एकही मागे वळलं नाही.

"त्या दुपारी त्यांनी एसीचा पंखा लावा म्हटलं होतं," काकू समोर बघतच म्हणाल्या. "डायलिसिस झाल्यावर आपल्याला हुडहुडी भरते. मीच बंद करायला लावला होता."

"तीनदा म्हणाले ते," वकीलसाहेब हळूच म्हणाले.

"बटण माझ्या हाताशी होतं," मी म्हणाले. "तिन्ही वेळा 'लावते हो' म्हटलं. लावला नाही."