कार्डाचे भाव उतरेपर्यंत

डहाणू स्टेशनजवळच्या त्या दुकानात नूतन गेली होती ती सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला, आणि नेमकी लाइट गेली. "पाच मिनिटं बसा मॅडम, येईलच," दुकानदार म्हणाला. आपल्याकडची लाइट पाच मिनिटांत येत नसते हे दोघांनाही ठाऊक होतं. पण वाडीवर लवकर परतून तरी काय करायचं होतं? ती बसली.

काउंटरवर एक कॉम्प्युटर उघडा पडला होता. दुकानदाराने ब्रशने त्याची धूळ झाडली आणि तो झाकण लावू लागला. नूतनच्या तोंडून निघून गेलं, "रॅम एका बाजूने वर राहिलीय."

त्याने वाकून पाहिलं, अंगठ्याने दाबलं. टक्... पट्टी बसली.

"तुम्हाला येतं हे?"

"यायचं," ती म्हणाली. "आता नाही."

तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण त्या उघड्या डब्याकडे बघता बघता तिला कित्येक वर्षांनी काहीतरी हवंसं वाटलं, आणि ते तिने बोलून टाकलं. "गेम खेळायला एक नवीन बनवायचा म्हटलं तर... सीडी ड्राइव्ह कुठला घ्यावा?"

तो हसला नाही. खरं तर तिथेच त्याने तिला अर्धं जिंकलं. "सीडी आता कोणी घालत नाही, मॅडम. सगळं नेटवरून उतरवतात," तो म्हणाला, तेही असं, जणू ही बातमी त्यालाही कालच कळली होती. मग त्याने विचारलं, "घर दर्यापासून किती लांब?"

"वरोरच्या रस्त्याला वाडी आहे आमची. का?"

"खारी हवा. तिकडच्या मशिनी आतून गंजतात."

हे तिला सांगायला नको होतं. तिचा जुना कॉम्प्युटर असाच गेला होता. त्याच्या कीबोर्डाच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला भाऊ देवेश बसून गाड्यांच्या शर्यती लावायचे. मग देवेश ऑस्ट्रेलियाला गेला, आईने अंथरूण धरलं, आणि नूतन नोकरी सोडून घरी आली ती आलीच. आईचं करता करता वर्षं गेली. आच्छादनाखाली कॉम्प्युटर कधी गंजून गेला, कळलंही नाही. गेल्या साली आईही गेली. आता घरात वडील, म्हणजे अण्णा, होते, ती होती, आणि रविवारी देवेशचा फोन होता. संध्याकाळी ओटीवरच्या झोपाळ्याची कडी कुरकुरायची, तेवढाच काय तो आवाज.

लाइट आली. झेरॉक्स निघाल्या. निघताना नवीनने, हे त्याचं नाव, तिला सल्ला दिला, "बाकी सगळं हळूहळू जमवू. ग्राफिक्स कार्ड मात्र आत्ता नको. लोक त्या कार्डांवर ती नेटवरची आभासी नाणी काढायला लागलेत. भाव आभाळाला भिडलाय. उतरेपर्यंत थांबा."

ते २०१८ साल होतं आणि तो खरंच सांगत होता.

मग ती थांबली. थांबायचं म्हणजे काय, तर दर बुधवारी बाजाराला आली की दुकानात डोकवायचं. "उतरला का भाव?" "नाही अजून." तेवढ्यासाठी एक चहा व्हायचा. एका बुधवारी कॅबिनेट ठरलं, बारीक जाळीचं. एकदा पंख्यांवरून चांगलंच वाजलं.

"लाल-निळे दिवे लागणारे नकोत मला. लग्नाचा मांडव वाटतो."

"मांडव वाईट असतो का?" त्याने मान खाली घालून विचारलं आणि उगाच स्क्रू मोजत राहिला.

"...साधे द्या," ती म्हणाली. कान मात्र तापले होते.

पावसाळा आला, रुळला. एका रात्री नूतनने मोबाइलवर सहज पाहिलं तर कार्डाचे भाव कधीच उतरले होते. तिने मोबाइल झटकन पालथा ठेवला. खरेदीला निघालेल्या माणसाने स्वस्ताईला घाबरावं, असं कधी ऐकलंय का? पण कार्ड आलं की मशिन पूर्ण होणार, आणि मशिन पूर्ण झालं की बुधवार संपणार. बुधवार सोडला तर तिच्या आठवड्यात होतं काय?

पुढच्या बुधवारी तिने विचारलं, "उतरला का?"

नवीनने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "नाही अजून."

त्याला कळलं नसेल, असं तिने स्वतःला समजावलं.

श्रावणात ओटीवर चिकूंची प्रतवारी करताना अण्णांनी न बघताच विचारलं, "झालं का तुझं मशिन?"

"भाव उतरायचाय."

"भाव बघत बसलं तर चिकू वटवाघळं नेतात," अण्णा म्हणाले. "उतरवून घरात आणला तरच पिकतो." अण्णा एरवी दिवसभरात एवढं बोलत नसत.

त्या बुधवारी तिने भाव विचारलाच नाही. "कार्ड मागवा," म्हणाली. नवीनने हातातला चहा खाली ठेवला. "मागवतो," तो म्हणाला.

मशिन लावून द्यायला तो वाडीवर आला तेव्हा बारीक पाऊस होता. खोकं छातीशी धरून तो अंगणातच उभा राहिला. पायरीपर्यंत आला, थांबला.

"या ना," नूतन म्हणाली.

"मी या अंगणात आलोय आधी," तो हळूच म्हणाला. "रानशेतच्या पाड्यावरून आई चिकू वेचायला यायची तुमच्याकडे. जिवली. मी इथे खाली बसायचो. वर... कधी आलो नाही."

इतके महिने तिने त्याला घर कुठे, कसं, हे सांगितलं होतं, आणि तो मुकाट ऐकत होता. झोपाळ्यावर अण्णा होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"जिवली बरी आहे?" अण्णांनी विचारलं.

"आहे. गुडघे दुखतात."

अण्णांनी मान हलवली आणि पाय आखडून त्याला वाट दिली.

आतल्या खोलीत त्याने तारा जोडल्या. पंखे घुमले, पडदा उजळला. दिवे साधेच होते. इतक्या वर्षांनी ती शर्यतीची गाडी समोर उभी राहिली, आणि नूतनला रडू आलं, कारण शेजारची जागा तशीच रिकामी होती. नवीन पिशवी भरत होता. पाना, पट्ट्या, ब्रश. चेन लावली की तो जाणार होता.

"नवीन," ती म्हणाली. "भाव पावसाच्या आधीच उतरले होते."

त्याचा हात थांबला. "मला माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात. आणि मला इथे यावं लागलं असतं. दोन्हीची भीती वाटत होती." तो थोडा थांबला. "तुम्ही का नाही बोललात?"

"मला फक्त पहिल्याची वाटत होती," नूतन म्हणाली. "मला तुम्ही हवे आहात. मशिन नसतं तरी मी आले असते... बुधवारी. रोज."

त्याचे डोळे भरून आले.

ओटीवर झोपाळ्याची कडी कुरकुरायची थांबली. "नूतन," अण्णांचा आवाज आला, "तो जेवून जाईल का, विचार त्याला. आपल्या पंगतीतच पान वाढ."

नूतनने विचारलं नाही. तिने स्वयंपाकघरातून दुसरी खुर्ची आणली आणि कीबोर्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. नवीनने पिशवी खाली ठेवली आणि तो बसला.