बिनपाण्याचा पूल

समीक्षानं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पाठमोरा उभा होता, आणि पुलाच्या कठड्यावर लाल रंगानं फुली मारत होता.

"ओ... काय चाललंय?"

तो वळला. हातात ब्रश, पायाशी रंगाचा डबा, आणि चष्म्याच्या काचेवर एक लाल ठिपका. "खूण करतोय."

"कसली?"

"पाडायची."

डिसेंबरातली सकाळ होती. झाडांवरून दव टपटपत होतं. पण समीक्षाच्या कानशिलांतून अशी वाफ निघाली की तिला स्वेटर काढावासा वाटला.

कोलाडहून रोह्याकडे जाताना डाव्या हाताला एक टेकडी लागते. तिच्या जंगलात जुनी बाग आहे. शंभर वर्षांपूर्वी हाईम रोहेकर नावाच्या ज्यू माणसानं ती केली. मुंबईत एका साहेबाच्या बंगल्यावर तो बागेचा मुकादम होता. साहेबाच्या बागेत शोभेच्या म्हणून बांधलेल्या गोष्टी त्यानं पाहिल्या, आणि गावी परतल्यावर तशाच आपल्या टेकडीवर उभ्या केल्या. मागं घर नसलेली कमान. खाली पाणी नसलेला पूल. आतून शिंपले लावलेली एवढीशी खोली. आणि एक मनोरा, मुद्दाम अर्धा पडल्यासारखा बांधलेला. कमानीतून निघालं की पायवाट गोल फिरून तासाभरानं पुन्हा कमानीपाशी येते. गाव हसलं, 'येड्याची बाग' म्हणालं, आणि विसरून गेलं.

दोन वर्षांपूर्वी समीक्षानं आईच्या बचत गटातल्या बायकांना घेऊन ती वाट साफ केली होती. आठवडाभर ती रोह्याला बियाणांच्या दुकानात काम करायची. रविवारी पाहुण्यांना, शाळांच्या सहलींना ही फेरी दाखवायची.

"मालकांना विचारलंत?" ती म्हणाली.

"मालक पेणला खाटेवर पडलेत. मी त्यांचा मुलगा. रूबेन." त्यानं ब्रश डब्यात बुडवला. "दिवाळीआधी त्या मनोऱ्यावरून पडले ते. खुब्याचं हाड मोडलं. आणखी काही विचारायचंय?"

मालक म्हणजे डेव्हिडकाका. ते पडले हे समीक्षाला ठाऊक होतं. का चढले होते, तेही ठाऊक होतं. 'काका, माथ्यावरचे दगड हलतायत, सहल यायच्या आधी जरा बघाल का?' असं तीच म्हणाली होती. दवाखान्यात भेटायला गेली तेव्हा त्यांनी तिचा हात थोपटला होता. "रूबेनला नको सांगूस तू बोलली होतीस ते. तो उगाच पेटतो."

आता हा पेटलेला माणूस समोर होता, आणि ती गप्प होती. त्या गप्प बसण्याचाच तिला जास्त राग आला.

"जेसीबी आणणार कुठून?" तिनं विचारलं.

"खालच्या शेतातून."

"ते शेत आमचंय. त्यात वाल पेरलाय. वाल निघेपर्यंत जेसीबीचं चाक काय, तुमची सायकलपण जायची नाय तिथून."

तो तिच्याकडे बघत राहिला. "वाल कधी निघतो?"

"फेब्रुवारीत. नाय तर मार्चात. वालाच्या मनावर हाय."

तो गेल्यावर तिनं रॉकेलचा बोळा घेऊन फुली घासून काढली. पुढच्या रविवारी फुली परत होती. तिनं परत पुसली. तिसऱ्या रविवारी कठड्यावर फुली होती, आणि तिच्या शेजारी एक बाटली.

"टर्पेंटाइन आहे," तो झाडामागून म्हणाला. "रॉकेलनं दगड काळा पडतोय."

"पाडायचाच हाय, तर काळा पडला काय नि गोरा काय?"

"पडेपर्यंत नीट दिसू दे."

तिला हसू आलं, आणि ते त्याला दिसलं, म्हणून ती अधिकच चिडली.

मग तो फेरीतही यायला लागला. कोणाला काही लागलं तर जबाबदारी आमच्यावर येते, असं म्हणायचा आणि घोळक्याच्या शेवटी हाताची घडी घालून चालायचा. समीक्षा पाहुण्यांना सांगायची, "हाईमशेठ मोठे राजेशाही माणूस होते..." की मागून आवाज यायचा, "मुकादम होते."

"गोष्ट मी सांगतेय."

"पणजोबा माझे आहेत."

पाहुणे मान वळवून वळवून दोघांकडे बघायचे. एका शाळकरी मुलीनं तर विचारलंच, तुमचं लग्न झालंय का? दोघंही एकदम 'नाही' म्हणाले, एवढ्या जोरात की पोरगी बाईंच्या मागं लपली.

शिंपल्यांच्या खोलीत दोघंच आत मावायची. एकदा छताचा एक शिंपला सुटला म्हणून ती चिकटवायला आत गेली, आणि तो टॉर्च धरून. प्रकाश हलत होता.

"हात का थरथरतोय?" तिनं वर बघत विचारलं.

"थंडी आहे."

"घाम आलाय तुम्हाला."

"मग... घामाची थंडी."

तिनं शिंपला दाबून धरला. ओला चुना त्याच्या बाहीवर पडला. त्यानं तो झटकला नाही. बाहेर आल्यावर दोघं बराच वेळ भांडली. कशावरून, ते दोघांनाही नंतर आठवेना.

घरी आई, सगुणा, भाकरी थापता थापता म्हणाली, "रविवारी आंघोळ करून, केस धुवून भांडायला कोण जातं गो?" समीक्षानं चुलीत लाकूड सारलं. तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तो चांगला वाटू लागला होता, आणि तिच्या पोटातली गोष्ट रोज जड होत होती.

जानेवारीच्या शेवटी वालाला शेंगा भरल्या. त्या रविवारी फेरीला कोणीच आलं नाही. दोघं पुलाच्या कठड्यावर बसली. खाली पाण्याऐवजी वाळका पाचोळा.

"शाळेत मला 'बिनपाण्याचा' म्हणायचे," रूबेन अचानक म्हणाला. "ते सोडा. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी बाबा कुठं होते, माहीत आहे? त्या मनोऱ्यावर. दर रविवारी पेणहून एसटीनं यायचे, गिलावा करायचे. आई आजारी होती तेव्हासुद्धा. या दगडांनी आमचे सगळे रविवार खाल्ले. आणि शेवटी त्यांचा पाय. शहात्तर वर्षांच्या माणसाला वर चढायला कोणी सांगितलं होतं?"

प्रश्न तिला नव्हता. पण उत्तर तिच्याकडे होतं.

"मी."

"काय मी?"

"मी सांगितलं होतं. सहल येणार होती, माथा बघा म्हटलं. मी शिडी धरायला यायच्या आत ते एकटेच चढले. पण सांगितलं मीच."

खंड्यानं कुठंतरी आवाज दिला. रूबेन उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"दोन महिने," तो हळू म्हणाला. "दोन महिने तू माझ्याशी हसलीस. भांडलीस. टॉर्च धरायला लावलंस. आणि हे पोटात ठेवलंस."

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणत होता. ते असं ऐकायला मिळेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"काकांनीच सांगितलं होतं, की..."

"बाबांचं नाव घेऊ नकोस."

तो पायवाटेनं निघून गेला. पुढचे दोन रविवार तो आला नाही. फुल्याही आल्या नाहीत. समीक्षानं पाहुण्यांना फेरी दाखवली, आणि 'हाईमशेठ मुकादम होते' असं स्वतःच सांगितलं. मागं कोणी नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मात्र तिला रडू यायचं थांबलं आणि राग आला. स्वतःचा, त्याचा, आणि सगळ्यात जास्त डेव्हिडकाकांचा. तिनं पेणची एसटी पकडली.

डेव्हिडकाका खिडकीपाशी खुर्चीत होते, शेजारी वॉकर. तिला बघून त्यांचा चेहरा खुलला. रूबेन स्वयंपाकघरातून बाहेर आला, हातात चहाची गाळणी. तिला बघून तिथंच थांबला.

"काका, तुम्ही मला गप्प बसवलंत," ती उभ्यानंच म्हणाली. "मी ऐकलं, ती माझी चूक. पण तुम्ही असं सांगायला नको होतं. आणि तुम्ही," ती रूबेनकडे वळली, "तुम्हाला बाबांवर राग हाय, तर बाबांशी भांडा. दगडावर फुल्या कसल्या मारता? एका घरात राहून तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाय, आणि मार खायला आमची बाग."

गाळणीतून चहाची पूड फरशीवर पडली.

डेव्हिडकाका आपल्या पायाकडे बघत होते. "पोरीनं बघा म्हटलं होतं," ते म्हणाले. "चढा नाय म्हटलं. शिडी धरायला कोणीतरी येईपर्यंत थांबायला हवं होतं, ते मी थांबलो नाय. रूबेन, तुला हे सांगायची मला लाज वाटली. म्हणून हिला गप्प केलं."

"आणि माझे रविवार?" रूबेनचा आवाज फुटला. "त्याचं काय?"

"ते माझ्याकडून गेले. त्याला उत्तर नाय माझ्याकडं." म्हाताऱ्यानं हात पुढं केला. रूबेन हलला नाही. मग दोन पावलं चालला, आणि खुर्चीशेजारी खाली बसला. "मनोरा उतरव तू," डेव्हिडकाका म्हणाले. "माथा तरी उतरव. धोका हाय, मलाही कळतं. बाकीचं राहू दे."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? तू थेट रंगाचा डबा घेऊन गेलास."

समीक्षा चहा न घेताच निघाली. त्या दोघांना आता तिसऱ्या माणसाची गरज नव्हती.

जेसीबी आलाच नाही. वाल निघायच्या आधीच चार गवंडी दोरखंड घेऊन आले आणि त्यांनी मनोऱ्याचा माथा एकेक दगड करून उतरवला. उरलेला भाग कमरेएवढा झाला. लहान मुलांना त्यावर हात टेकून दरी बघता येईल इतका. समीक्षा दुकानातून रजा घेऊन खालच्या शेतात शेंगा तोडत होती, आणि वर बघायचं नाही असं ठरवून दर पाच मिनिटांनी वर बघत होती.

संध्याकाळी गवंडी गेले. रूबेन बांधावर येऊन उभा राहिला. केसांत दगडाची भुकटी.

"रविवारी फेरी आहे?" त्यानं विचारलं.

"हाय. पण येणारं कोणी नाय."

"मी येतो."

ती शेंगा तोडत राहिली. "राग गेला?"

"नाही."

"माझापण नाय गेला. दोन रविवार तोंड फिरवून बसलास."

"बसलो." तो बांधावरून खाली उतरला, तिच्या टोपलीशेजारी उकिडवा बसला, आणि शेंगा तोडायला लागला. कोवळ्या, न भरलेल्या शेंगाही तोडत होता. तिनं त्याच्या हातावर चापटी मारली, पण हात नंतर तिथंच ठेवला. तो बघत होता. तीही.

"समीक्षा... तू मला आवडतेस," तो म्हणाला. "चिडलेलीसुद्धा. म्हणजे चिडलेलीच, दुसरी मी अजून पाहिली नाही."

"आणि राग?"

"तो जाईपर्यंत येत राहीन म्हणतो."

"रोज?"

"शनिवार सोडून. शनिवारी आमचा शब्बाथ असतो, विश्रांतीचा वार, घरीच असतो आम्ही." त्यानं एक शेंग टोपलीत टाकली. "तू येशील तर... बाबांना आवडेल."

"आणि तुला?"

तो कानापर्यंत लाल झाला. समीक्षानं टोपली त्याच्याकडं सरकवली.

"शनवारी दुकान दुपारी सुटतं," ती म्हणाली. "चारच्या एसटीनं येते."